मूळ इंजिन भंगारात देऊ नका

ज्यांच्या घरी आजोबांच्या किंवा पणजोबांच्या वेळची मोठी गाडी उभी आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गाडी ब्यूक असेल, शेवरोले असेल, प्लायमाउथ असेल, जुनी मर्सिडीज किंवा जग्वार असेल. एखाद्या घरी रोल्स-रॉइसही असेल. बहुतेक ठिकाणी ती कित्येक वर्षांत सुरूच झालेली नसते. भावंडं एकत्र जमली की हिचं पुढं काय करायचं हा विषय निघतो, आणि कुणाच्या तरी ओळखीचा गॅरेजवाला येऊन बॉनेट उघडतो. त्याचं उत्तर ठरलेलं असतं: "साहेब, हे इंजिन संपलं. याचे पार्ट आता मिळत नाहीत. डिझेल इंजिन टाकून देतो, बिनघोर फिरवा." या बोलण्याला लगेच होकार देऊ नका. आधी थोडी माहिती करून घ्या, कारण एकदा मूळ इंजिन भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं की पैसे मोजूनही ते परत मिळत नाही.

डिझेल इंजिन टाकण्याची ही रीत आपल्याकडं गरजेतून आली, आणि ज्यांनी ती आणली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. १९२८ साली जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. पुढं वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याला डॉज, डिसोटो, प्लायमाउथ जोडल्या. १९५४ साली जनरल मोटर्सनं इथलं काम बंद केलं, परदेशी गाड्या आणि सुटे भाग आणण्यावर कडक निर्बंध आले, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव भडकले. त्या काळी आठ सिलिंडरची अमेरिकी गाडी लिटरमागं चार-पाच किलोमीटर चालायची. मध्यमवर्गीय मालकाला आणि टॅक्सीवाल्याला ती पोसणं शक्यच नव्हतं. तेव्हा आपल्या मिस्त्र्यांनी पर्किन्सची डिझेल इंजिनं बसवली, पुढं आकुर्डीच्या बजाज टेम्पोची मॅटेडोर आल्यावर तिचं इंजिन बसवलं. लेथवर अडॅप्टर प्लेट कातून नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडलं, माउंटिंग स्वतः घडवली, प्रोपेलर शाफ्ट कापून नव्या लांबीचा केला. कुठलाही नकाशा हाताशी नसताना केलेलं ते काम होतं. त्यांनी ते केलं नसतं तर त्यातल्या पुष्कळ गाड्या तेव्हाच पत्र्याच्या भावानं गेल्या असत्या.

पण ती गरज आज राहिलेली नाही. तुमची जुनी गाडी रोज ऑफिसला जाणार नाही. सणाला, लग्नाला, एखाद्या रॅलीला ती निघेल, वर्षाकाठी काहीशे किलोमीटर चालेल. एवढ्या चालण्यात डिझेलनं वाचणारे पैसे इंजिन बदलण्याच्या खर्चापुढं काहीच नाहीत. आणि सुटे भाग मिळत नाहीत हेही आता पूर्वीइतकं खरं नाही. जग्वारचं सहा सिलिंडरी एक्सके इंजिन १९४८ साली एक्सके १२० गाडीत आलं आणि १९९२ पर्यंत डेमलरच्या लिमोझिनमध्ये बसत होतं. रोल्स-रॉइसचं आठ सिलिंडरी इंजिन १९५९ साली सिल्व्हर क्लाउड टूमध्ये आलं, आणि त्याच घराण्यातलं, काळाप्रमाणं सुधारत नेलेलं इंजिन बेंटलीत २०२० पर्यंत बनत राहिलं. अशा इंजिनांचे गॅस्केट, पिस्टन, बेअरिंग आजही मागवता येतात. वेळ लागतो, सीमाशुल्क भरावं लागतं, पण माल येतो.

"इंजिन संपलं" हे तर फारच सहज बोललं जातं. बोलणाऱ्यानं काही मोजून पाहिलंय का, ते आधी विचारा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन फिरत नसेल तर बहुधा पिस्टनच्या रिंगा गंजानं सिलिंडरला धरलेल्या असतात. अशा वेळी सेल्फ मारत राहिलं किंवा गाडी दुसऱ्या गाडीनं ओढली की रिंगा तुटतात, आणि बरं होण्याजोगं इंजिन खरोखरच खराब होतं. सगळे प्लग काढावेत, प्रत्येक सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावं, काही दिवस मुरू द्यावं, आणि मग क्रँकच्या पुढच्या नटावर पाना लावून हातानं, थोडं पुढं थोडं मागं करत सोडवावं. घाई करणाऱ्याच्या हाती हे काम देऊ नये.

इंजिन मोकळं झालं की प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून आकडे कागदावर लिहून घ्या. सगळे आकडे साधारण सारखे आले तर निम्मी काळजी मिटली. शेजारच्या दोन सिलिंडरचे आकडे एकदम पडलेले असतील तर त्या दोघांच्या मधोमध हेड गॅस्केट फुटलेलं असण्याचा संभव मोठा. एकाच सिलिंडरचा आकडा कमी असेल तर तिथं चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्यात, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. यातला एकही दोष इंजिन फेकून देण्याजोगा नाही. हेड फेसिंग, व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, रिबोअर, नवे लायनर ही कामं आपल्याकडची मशिन शॉप रोज करतात.

गाडी तापते ही दुसरी नेहमीची तक्रार. तिचं मूळ बहुधा इंजिनाच्या पोटात साचलेल्या गाळात असतं. आपण वर्षानुवर्षं विहिरीचं नाहीतर बोअरचं क्षारयुक्त पाणी रेडिएटरमध्ये ओतत आलो. तो क्षार आणि गंज मिळून ब्लॉकच्या मागच्या बाजूला घट्ट बसतो, शेवटच्या सिलिंडरभोवती पाणी पोहोचतच नाही, आणि बाहेरून रेडिएटर कितीही धुतला तरी फरक पडत नाही. ब्लॉकवरचे वेल्श प्लग काढून आतला गाळ खरवडून काढावा लागतो. रेडिएटरचा कोअर नवा भरून मिळतो. हे केल्यावर जी गाडी घाटात उकळायची ती शांतपणे चढते.

तिसरी अडचण नवी आहे, ती पेट्रोलची. शिशाचं पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झालं. शिशामुळं ज्यांच्या व्हॉल्व्ह सीटचं संरक्षण होत होतं, अशा इंजिनांत जोरात चालवल्यावर सीट झिजू शकते. हेड उघडलेलंच असेल तेव्हा कडक धातूच्या सीट बसवून घेतल्या की हा प्रश्न कायमचा सुटतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते जुनं रबर आणि कॉर्क खातं, हवेतली ओल ओढून घेतं आणि टाकीत गंज धरवतं. गाडी अडखळते, बंद पडते, आणि दोष मात्र इंजिनावर येतो. पेट्रोलच्या नळ्या, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे सील इथेनॉलला टिकतील असे बदलून घ्या, आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. खर्च थोडा आहे, आगीचा धोकाही त्यानं टळतो.

जिथं भाग मिळतच नाही तिथं तो बनवता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फाउंड्र्या आणि मशिन शॉप यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओतकाम आणि कातकाम केलंय. एखाद्या फुटलेल्या वॉटर पंपाच्या घरावरून नवा साचा करून तसाच भाग ओतून देणं त्यांना अवघड नाही. बिडाच्या ब्लॉकला चीर गेली असेल तर ती वेल्डिंगच्या उष्णतेशिवाय, धातूचे टाके घालून सांधता येते. १९४० च्या दशकातल्या शेवरोलेच्या कनेक्टिंग रॉडमध्ये बेअरिंग म्हणून व्हाइट मेटल ओतलेलं असे. ते पुन्हा ओतून, मापात आणून देणारे हात अजून आपल्यात आहेत.

आता दुसरी बाजू पाहू. इंजिन बदललं की नेमकं काय बदलतं, हे गॅरेजवाला सहसा सांगत नाही. त्यालाही ते पुष्कळदा ठाऊक नसतं. पेट्रोल इंजिन हवा ओढताना थ्रॉटलच्या मागं व्हॅक्यूम तयार होतो. जुन्या अमेरिकी गाड्यांत पुष्कळदा वायपर याच व्हॅक्यूमवर चालतात, आणि ब्रेकचा बूस्टर असेल तर तोही. डिझेल इंजिनाला तसा थ्रॉटल नसतो, म्हणून व्हॅक्यूमही नसतो. वेगळा व्हॅक्यूम पंप लावला नाही तर दीड टनाची गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबवायची वेळ येते. मुसळधार पावसात खंबाटकी घाट उतरताना वायपर बंद आणि ब्रेक दगडासारखा कडक, ही कल्पना करून पाहा.

रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर शॅडोचं प्रकरण याहून गंभीर आहे. १९६५ ते १९८० या काळात निघालेल्या या गाडीच्या ब्रेकला जोर मिळतो तो सित्रोएनच्या परवान्यानं घेतलेल्या, मोठ्या दाबाच्या हायड्रॉलिक व्यवस्थेतून. तो दाब तयार करणारे दोन पंप इंजिनावरच बसवलेले असतात आणि इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालतात. गाडीची उंची सारखी ठेवणारी यंत्रणाही याच दाबावर काम करते. इंजिन काढलं की पंप जातात, पंप गेले की ब्रेकचा जोर जातो. तिच्या आधीच्या सिल्व्हर क्लाउडमध्ये ब्रेकला मदत करणारा यांत्रिक सर्व्हो गिअरबॉक्सवरून फिरतो, तेव्हा तिथं गिअरबॉक्स बदलणंही तितकंच घातक. या गाड्यांत इंजिन हा सुटा काढून ठेवण्याचा भाग नाही. अशा गाडीत ट्रकचं किंवा जीपचं इंजिन बसवून देतो म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवीन.

शेवरोले इम्पालासारख्या गाडीचं आठ सिलिंडरी इंजिन दीडशे अश्वशक्तीहून जास्त ताकद देई. तिथं मॅटेडोरचं साठ-पासष्ट अश्वशक्तीचं इंजिन बसवलं की गाडी चालते, पण चढावर तिचा जीव जातो. मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण पेट्रोल इंजिनाच्या चालीला धरून ठेवलेलं असतं, ते डिझेलला जुळत नाही. डिझेलची थरथर चासीच्या रिव्हेटांपर्यंत जाते, दारं खडखडू लागतात, पुढच्या काचेच्या कोपऱ्यात तडा जातो. जुन्या गाडीची वीज सहा व्होल्टची असेल तर डिझेलच्या स्टार्टरसाठी बारा व्होल्ट करावे लागतात, मग डायनॅमो, दिवे, मीटर, सगळंच बदलत जातं. आणि नवं इंजिन मावत नाही म्हणून फायरवॉलवर किंवा क्रॉस मेंबरवर गॅस कटर चालतो. सगळ्यात जास्त वाईट मला याचंच वाटतं. इंजिन पुन्हा आणता येईल, पण कापलेली चासी पूर्वीसारखी होत नाही.

कायद्याचंही पाहून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आरसी बुकात इंजिन क्रमांक आणि इंधन लिहिलेलं असतं. बॉनेटखाली दुसरंच काही निघालं तर अपघातानंतर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि तिसऱ्या माणसाला द्यायची भरपाई तुमच्या खिशातून जाऊ शकते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, खासगी वापराची दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुढच्या नोंदणीला पाच हजार, आणि मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, पण प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं आणि दुरुस्ती यांसाठी रस्त्यावर नेता येते. या नियमातली महत्त्वाची अट अशी की गाडीची चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे ज्या दिवशी तुम्ही मूळ इंजिन काढून दुसऱ्या जातीचं बसवता, त्या दिवशी हा हक्क हातचा घालवता. वाडवडिलांची गाडी नातवंडांपर्यंत कायदेशीरपणे पोहोचवायची असेल तर मूळ इंजिन राखायला यासारखं दुसरं कारण नाही.

हे सगळं करूनही कधीकधी इंजिन खरोखरच गेलेलं असतं. कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलेला असतो, किंवा पूर्वीच कुणी इंजिन विकून टाकलेलं असतं आणि पुढं नुसती पोकळी असते. अशा वेळी आधी त्याच मॉडेलचं, त्याच काळातलं दुसरं इंजिन शोधा. अपघातात गेलेल्या गाड्यांची इंजिनं कुर्ल्याच्या भंगार बाजारात, जुन्या गाड्यांच्या क्लबांतल्या लोकांकडं, परराज्यांत निघतात. ते न मिळालं तर उत्पादकानं त्याच गाडीत त्याच काळात जे दुसरं इंजिन दिलं होतं ते पाहा. याचं चांगलं उदाहरण सत्तरच्या दशकातल्या मर्सिडीजचं आहे. डब्ल्यू ११५ ही गाडी २०० डी, २२० डी आणि २४० डी अशा रूपांत निघत होती, आणि २४० डीमधलं २,४०४ सीसीचं ओएम ६१६ हेच पुढं मॅटेडोरमध्ये आलं. तेव्हा अशा डिझेल मर्सिडीजमध्ये मॅटेडोरचं इंजिन बसणं म्हणजे घरातलंच माणूस घरी येणं. ब्यूकमध्ये तेच इंजिन घालण्याशी याची तुलना होत नाही. परवानगी आणि आरसीवरची नोंद मात्र इथंही लागते, तीसुद्धा काम सुरू करण्याआधी.

विजेवर चालणारी गाडी करून देतो म्हणणारेही आता भेटतात. इंग्लंडमध्ये लुनाझसारख्या कंपनीनं जुन्या रोल्स-रॉइस आणि बेंटली विजेवर आणल्या, त्यांची छायाचित्रं पाहून मोह होतो. ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिवा हिनं २०१९ मध्ये याबद्दल आपलं मत मांडलं: इतिहासाच्या दृष्टीनं अशा बदलाला तिचा पाठिंबा नाही, तरीही कुणी करणार असेल तर तो परत फिरवता येईल असाच करावा, आणि काढलेले सगळे भाग खूण करून जपून ठेवावेत. मला हे पूर्ण पटतं. डिझेल असो की बॅटरी, नवं भोक पाडायचं नाही, मूळ माउंटिंगवरच बसवायचं, आणि जुनं इंजिन तेल लावून, तोंडं बंद करून, छपराखाली लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचं.

काहींच्या घरी वडिलांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच डिझेल बसवून घेतलेलं असेल. त्यांनी मन खट्टू करून घेऊ नये. तो निर्णय त्या काळच्या परिस्थितीत बरोबरच होता. गाडीचा हा इतिहास मोकळेपणानं सांगा, कुठल्या साली आणि कुणाकडून काम झालं ते आठवणाऱ्या माणसांकडून लिहून घ्या, आणि मूळ इंजिन कुठं गेलं त्याचा शोध घ्या. पुष्कळदा ते त्याच गॅरेजच्या मागच्या कोपऱ्यात पडलेलं सापडतं. मूळ क्रमांक कोणता होता हेही कळू शकतं. रोल्स-रॉइसच्या जुन्या गाड्यांच्या कारखान्यातल्या नोंदी इंग्लंडमधल्या रोल्स-रॉइस एन्थुझियास्ट्स क्लबकडं जपलेल्या आहेत, मर्सिडीजचं डेटा कार्ड निघतं, जग्वारच्या हेरिटेज ट्रस्टकडून दाखला मिळतो. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनीही आधी ही नोंद मागवावी, मग इंजिनावरचा कोरलेला क्रमांक स्वतः वाचावा, आणि दोन्ही जुळल्यावरच विसार द्यावा. रंग आणि क्रोम पाहून भुलू नये.

व्हाइट मेटल ओतणारे, कार्बोरेटर कानानं जुळवणारे कारागीर आता वयस्क झालेत. त्यांच्या हाताखाली शिकायला फारशी मुलं येत नाहीत, कारण त्यांच्याकडं कामच कमी येतं. गाडी दुरुस्त करायची असेल तर पुढच्या वर्षावर टाकू नका, यंदाच त्यांच्याकडं जा, आणि घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला सोबत न्या. गाडी सोपवण्याआधी इंजिनावरचा क्रमांक पुसून स्वच्छ करा, त्याचा फोटो काढा, आणि कामाच्या कागदावर गॅरेजवाल्याच्या सहीनिशी लिहून घ्या: हे इंजिन मालकाचं आहे, आणि उघडलं, बदललं किंवा फुटलं तरी ते मालकालाच परत द्यायचं आहे.